वाढ सभागृहात, कपात कुठे?

प्रति,
मा. वित्त व नियोजन मंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी : मा. अध्यक्ष, विधानसभा; मा. सभापती, विधान परिषद; आमच्या मतदारसंघाचे मा. आमदार

माले, ता. मुळशी, जि. पुणे
डिसेंबर २०२५

महोदय,

नागपूरचे हिवाळी अधिवेशन १४ तारखेला संपले. ८ तारखेला, म्हणजे पहिल्याच दिवशी, आपल्या खात्याने ७५,२८६ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढे ठेवल्या आणि आठवड्याच्या आत त्या मंजूरही करून घेतल्या. त्याआधी ३० जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या सुरुवातीला, ५७,५१० कोटींच्या मागण्या मांडून झाल्या होत्या. दोन्हींची बेरीज १,३२,७९६ कोटी होते. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडताना २०२५-२६ची राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी राहील, असे आपण सांगितले होते. म्हणजे वर्षभरात कर्ज काढून जेवढा खड्डा भरायचा होता, जवळपास तेवढीच रक्कम आपण सहा महिन्यांत वरून मागून घेतली. आता तूट किती होणार? हा प्रश्न मला पडला, तसा तो आपल्यालाही पडलाच असेल. मग सात दिवसांच्या अधिवेशनात त्याचे उत्तर एका वाक्यातही का मिळाले नाही?

पत्र खुर्चीच्या नावे लिहिले आहे, व्यक्तीचे नाव मुद्दाम घातलेले नाही. अर्थमंत्र्यांच्या खुर्चीवरची माणसे बदलतात, पक्ष बदलतात, कधी कधी माणूस तोच राहतो आणि पक्ष बदलतो. भाषणात दिलेला शब्द आणि छापून आलेला आकडा मात्र खुर्चीच्या नावावर जमा होतो. तो खुर्चीकडूनच वसूल करायचा.

मी कोण, हेही सांगतो. मी अर्थतज्ज्ञ नाही. माले हे मुळशी धरणाच्या काठचे गाव आहे. इथले पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात जाते आणि तिथून त्याची वीज मुंबईला. १९२१ साली याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी, आमच्या जमिनी कोणी आणि कोणाला विचारून दिल्या, असे विचारत सत्याग्रह केला होता. धरण झालेच, पण तो प्रश्न या मातीत राहिला. आमच्याच तालुक्यातले हिंजवडी आणि पिरंगुट राज्याच्या तिजोरीत काय घालतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. भूगावपासून ताम्हिणीपर्यंत गुंठ्यागुंठ्याच्या व्यवहारांवर आपण मुद्रांक शुल्क घेता. चहाच्या पुड्यावर जीएसटी घेता. पैसे देणाऱ्याने हिशेब विचारायला तज्ज्ञ असावे लागत नाही.

आपल्या खात्याचे अधिकारी यावर काय म्हणतील, याची मला कल्पना आहे. पुरवणी मागण्यांचा आकडा स्थूल असतो. केंद्राकडून येणारी रक्कम, नुसत्या पुस्तकी नोंदी, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे हे सगळे त्यातून वजा करायचे असते. मान्य. वजा करू. जूनच्या मागण्यांचा निव्वळ भार सुमारे ४०,६४५ कोटी आणि डिसेंबरच्या मागण्यांचा सुमारे ६४,६०५ कोटी, असे आपल्याच खात्याने सांगितले आहे. तरीही लाख कोटींच्या पुढे गेलो. मार्चमध्ये मांडलेला एकूण खर्च ७,००,०२० कोटींचा होता. अर्थसंकल्पावर चर्चा होऊन जे ठरले, त्याच्या सातव्या हिश्श्याएवढी भर नंतर पडते, तेव्हा त्या चर्चेचे नेमके काय झाले?

त्यातली काही भर टाळता येण्यासारखी नव्हती, हे मला मान्य आहे. सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, तो मार्चच्या भाषणात कोणी घालू शकत नव्हते. ऑक्टोबरात शासनाने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली, तिच्यासाठी डिसेंबरात पैसे मागितले गेले. त्याबद्दल तक्रार नाही. राज्यघटनेच्या २०५व्या अनुच्छेदाने पुरवणी मागण्यांची सोय केली आहे ती अशाच वेळेसाठी. पण याच मागण्यांत, बायकांना महिना दीड हजार रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेसाठी सहा हजार कोटींहून अधिक रक्कम होती. बहिणी किती, महिना किती, वर्षाचे महिने किती, हे तिन्ही आकडे मार्चमध्ये शासनाच्या हातात होते. मग ही रक्कम मार्चमध्येच का धरली नाही? अर्ज तपासून नावे कमी होतील, असा हिशेब असेल तर तो सभागृहाला सांगितला होता का?

या सवयीचा सर्वांत उघड नमुना मागच्या वर्षीचा आहे. तो सावकाश सांगतो, कारण पुढचे सगळे त्यातून निघते.

२७ फेब्रुवारी २०२४ रोजी अंतरिम अर्थसंकल्प आला. २०२४-२५ची महसुली तूट ९,७३४ कोटी आणि राजकोषीय तूट ९९,२८८ कोटी सांगितली गेली. लाख कोटींच्या आत राहिल्याचे समाधान त्या आकड्याला होते. लोकसभेची निवडणूक झाली, निकाल लागला. २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प आला. महसुली तूट २०,०५१ कोटी झाली आणि राजकोषीय तूट १,१०,३५५ कोटी. त्याच भाषणात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि तिचा वर्षाचा खर्च ४६,००० कोटी सांगितला गेला. आता फेब्रुवारी आणि जूनचे कागद शेजारी शेजारी ठेवावेत. महसुली खर्चाचा अंदाज ५,०८,४९२ कोटींवरून ५,१९,५१४ कोटींवर गेला. वाढ अकरा हजार कोटींची. वर्षाला शेहेचाळीस हजार कोटी खाणारी योजना, मोफत विजेची योजना आणि आणखी अनेक घोषणा अकरा हजार कोटींत कशा बसल्या?

बसल्याच नव्हत्या. ९ जुलैला, म्हणजे अर्थसंकल्प मांडल्यानंतर अकराव्या दिवशी, त्याच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात लाडक्या बहिणीचे २५,००० कोटी होते. अकरा दिवसांत कोणते संकट राज्यावर कोसळले होते? पूर आला नव्हता, दुष्काळ जाहीर झाला नव्हता. योजना भाषणात होती आणि तिचे पैसे तुटीच्या आकड्यात नव्हते, एवढीच गोष्ट होती. २८ जूनला आपल्या खुर्चीने जी तूट वाचून दाखवली, ती वाचतानाच अपुरी होती आणि वाचणाऱ्याला ते माहीत होते. याला अंदाज चुकणे म्हणत नाहीत.

त्या वर्षी डिसेंबरात नागपूरला आणखी ३३,७८८ कोटी मागितले गेले आणि मार्च २०२५मध्ये ६,४८६ कोटी. तिन्ही मिळून १,३५,१६३ कोटी. मग १० मार्च २०२५ला सुधारित अंदाज आले. महसुली तूट २६,५३६ कोटी, राजकोषीय तूट १,३२,८७३ कोटी. एकाच वर्षाच्या तुटीचे हे तिसरे रूप. फेब्रुवारीतल्या आकड्यापेक्षा राजकोषीय तूट ३३ हजार कोटींनी वाढली, आणि तरीही ती राज्याच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत आहे म्हणून सभागृहात बाके वाजली.

इथे थोडे थांबू या. एकूण खर्चाचा मूळ अंदाज होता ६,१२,२९३ कोटी. सुधारित अंदाज झाला ६,७२,०३० कोटी. वाढ सुमारे साठ हजार कोटींची. त्यातले सदतीस हजार कोटी महसूल अंदाजापेक्षा जास्त आल्याने भागले, हे श्रेय आपल्या खात्याला द्यायलाच हवे. महाराष्ट्राची करवसुली चांगली आहे, यात वाद नाही. पण पुरवणी मागण्या होत्या एक लाख पस्तीस हजार कोटींच्या. खर्च वाढला साठ हजार कोटींनी. मधले पंचाहत्तर हजार कोटी कुठे गेले? काही भाग पुस्तकी नोंदींचा, तो पुन्हा एकदा वजा करू. उरलेली रक्कम म्हणजे सभागृहाने ज्या कामांना आधीच मंजुरी दिली होती, ती न झालेली कामे. कोणाचा रस्ता, कोणाची शाळाखोली, कोणाची शिष्यवृत्ती.

माझी तक्रार नेमकी इथे आहे, महोदय. एखाद्या योजनेचे पैसे वाढवायचे असतात तेव्हा आपण सभागृहात येता. मागणीला क्रमांक असतो, लेखाशीर्ष असते, पुस्तिका छापली जाते, आमदार तासभर का होईना बोलतात आणि मतदान होते. पण तेच पैसे दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून काढले जातात, तेव्हा काहीच होत नाही. त्याची पुस्तिका नाही, त्यावर चर्चा नाही, मतदान नाही. वाढ विधान भवनात होते आणि कपात मंत्रालयात. कर्त्या माणसाने घरच्यांना नव्या खरेदीची यादी वाचून दाखवावी आणि किराण्यातून काय काय कमी केले ते पोरांना जेवताना कळावे, असा हा कारभार आहे.

ही कपात कशी होते, ते गावागावातल्या लहान ठेकेदारालाही पाठ झाले आहे. अर्थसंकल्पात तरतूद असते. वित्त विभागाचे परिपत्रक येते की अमुक टक्केच निधी वितरित करावा. कोरोनाच्या वर्षी, ४ मे २०२०च्या शासन निर्णयाने, विकासकामांना ३३ टक्केच निधी मिळेल असे सांगितले होते. तेव्हा कोणी कुरकुर केली नाही, कारण काळच तसा होता. पण काळ सरला तरी सवय उरली. विभागाने खर्चाचा प्रस्ताव पाठवायचा, वित्त विभागाने अनौपचारिक संदर्भावर सहमती द्यायची, मग ‘बीम्स’ या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी दिसायचा. दिसला तर काम पुढे, नाही दिसला तर तरतूद कागदावर. आणि मग येतो मार्चएंड. अकरा महिने न दिसलेला निधी शेवटच्या आठवड्यात दिसू लागतो, शासन निर्णयांचा पाऊस पडतो, ३१ तारखेला रात्री उशिरापर्यंत कोषागारात बिले चढतात. जे चढले ते तरले, जे राहिले ते व्यपगत. काही रक्कम खर्च झाली असे दाखवून स्वीय प्रपंजी खात्यांत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या ठेव खात्यांत, ठेवली जाते.

हे मी मनाचे सांगत नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्याच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालात हे वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. मूळ तरतूदच पूर्ण खर्च झालेली नसताना पुरवणी मागणी घेतली. वर्षाचा मोठा खर्च मार्चमध्ये केला. अनुदान दिले, पण उपयोगिता प्रमाणपत्रे आली नाहीत. आगाऊ काढलेल्या रकमांची तपशीलवार देयके सादर झाली नाहीत. आपल्या विभागातल्या कोणाला हे वाचून आता आश्चर्य वाटत असेल, असे मला वाटत नाही. अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट छापून येते, आणि पुढच्या वर्षी तीच वाक्ये नव्या आकड्यांसह परत येतात. महालेखापरीक्षक एकच गोष्ट इतक्या वेळा लिहितात, याचा अर्थ आपण ती वाचत नाही असा घ्यायचा, की वाचून बाजूला ठेवता असा?

आमच्या भागातल्या एका ठेकेदाराने काम पूर्ण करून बिल दिले आणि आता तो बँकेच्या व्याजावर जगतो आहे. मजुरांचे पैसे त्याने पदरचे दिले. कोणत्या खात्याचे काम, ते मी लिहीत नाही. लिहिले तर उरलेलेही अडेल, असे त्याचे म्हणणे. राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटना थकबाकीचा आकडा ८९ हजार कोटींच्या घरात सांगतात. तो फुगवलेला असेल, तर खरा आकडा आपण सांगा. पूर्ण झालेल्या आणि मोजमाप पुस्तकात चढलेल्या कामांची देणी राज्यावर किती आहेत, हे अर्थसंकल्पाच्या कोणत्या पानावर छापलेले असते? रोखीने हिशेब ठेवणाऱ्या शासनात न दिलेले बिल खर्चात दिसत नाही, म्हणून तुटीतही दिसत नाही. तूट तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा हा सर्वांत सोपा उपाय झाला: देणे द्यायचेच नाही.

आणि कपात कोणाच्या ताटातून होते? मे २०२५मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. खुलासा आला की, या रकमा अनुसूचित जाती-जमातींच्या बहिणींसाठीच आहेत आणि तशी तरतूद अर्थसंकल्पातच होती. तांत्रिक उत्तर बरोबर असेल. पण वसतिगृहातल्या मुलाचा निर्वाहभत्ता आणि त्याच्या आईचे दीड हजार रुपये यांतले एकच मिळेल, असे मार्चच्या भाषणात सांगितले होते का? आमच्या मुळशीच्या डोंगरांत कातकरी आणि महादेव कोळी वस्त्या आहेत. त्यांच्या नावाची तरतूद त्यांच्यापर्यंत न येता आकड्यांतच फिरून संपते, हे त्यांना कोणी सांगायचे?

माझे बोलणे बहिणींच्या विरोधात वळवले जाईल, म्हणून स्पष्टच लिहितो. आमच्या गावातल्या बायकांना ते दीड हजार मिळतात. गॅसची टाकी, मुलाची वही, सासूचे औषध यांत ते जातात आणि सत्कारणी लागतात. बायकांच्या हातात थेट पैसा देणे मला योग्य वाटते. प्रश्न आपण त्यांना दिलेल्या शब्दाचा आहे. नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत २,१०० रुपये देऊ म्हणालात. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात ते नव्हते. उलट योजनेची तरतूद आधी सांगितलेल्या ४६,००० कोटींवरून ३६,००० कोटींवर आली. शेतकऱ्यांना कर्जमाफी सांगितली, आणि २८ मार्चला बारामतीत याच खुर्चीकडून सल्ला आला की ३१ तारखेपर्यंत पीककर्ज भरून टाका. आता कर्जमाफीसाठी ३० जून २०२६ ही नवी तारीख दिली आहे. वचन देताना तिजोरीत किती आहे हे माहीत नव्हते, असे कोणताही अर्थमंत्री म्हणू शकत नाही. तेवढे माहीत असणे हेच त्या खुर्चीचे काम आहे.

आमच्या ग्रामपंचायतीकडे बघा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातला साठ टक्के बंधित: पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. बंधित पैशातून स्मशानभूमीच्या रस्त्याला खडी टाकतो म्हटले तरी ग्रामसेवक हात वर करतो. आराखडा ग्रामसभेत मांडावा लागतो, ई-ग्रामस्वराजवर चढवावा लागतो, केलेला खर्च दाखवावा लागतो. ग्रामसभेत चार पथदिव्यांच्या खरेदीवर अर्धा दिवस वाद होतो आणि सरपंचाला उत्तर द्यावे लागते. काही लाखांच्या हिशेबाला हा नियम आहे. सात लाख कोटींच्या हिशेबाला याहून सैल नियम कसा?

वरच्या पायरीवर तर विचारणाराच नाही. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक आहेत. पंचायत समितीचेही तेच. निवडून आलेले सभागृह नाही म्हणून वित्त आयोगाच्या निधीचा त्यांचा वाटाही अडला. विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही, ऑगस्टपासून विधान परिषदेतही नाही. ७५ हजार कोटी मंजूर झाले तेव्हा दोन्ही सभागृहांत ती खुर्ची रिकामी होती. निवडणुका कोर्टात अडकल्या, संख्याबळ पुरेसे नाही, ही कारणे मला ठाऊक आहेत. कारणे कितीही खरी असली, तरी गावाच्या वरपासून नागपूरपर्यंत हिशेब विचारणारा अधिकृत माणूस कुठेच नाही, आणि त्यामुळे आपल्या खात्याची अडचण झाल्याचे ऐकिवात नाही.

उपाय नवे शोधायचे नाहीत. केंद्र सरकारचे हिशेब ठेवणारे महालेखानियंत्रक दर महिन्याच्या शेवटी आकडे प्रसिद्ध करतात: अर्थसंकल्पात सांगितलेल्या महसुलाच्या किती टक्के आला, खर्चाच्या किती टक्के झाला, तूट वर्षाच्या लक्ष्याच्या किती टक्क्यांवर पोचली. केंद्राने आपले लक्ष्य पाळले, असे मी म्हणत नाही. राजकोषीय तूट ३१ मार्च २०२१पर्यंत तीन टक्क्यांवर आणायचे त्यांनी कायद्यातच लिहिले होते. त्या वर्षी ती नऊ टक्क्यांच्या वर गेली. पण ती चढताना महिन्यामहिन्याला दिसत होती. महाराष्ट्राचेही मासिक आकडे तयार होतात. मुंबई आणि नागपूरची महालेखापाल कार्यालये हिशेब जुळवतात आणि महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर राज्याचे मासिक निर्देशांक इंग्रजीत येतातही. म्हणजे माहिती आहे. ती मराठीत, विभागवार, मूळ तरतूद, पुरवणी, वितरित निधी आणि प्रत्यक्ष खर्च अशा चार रकान्यांत विधान मंडळापुढे ठेवायला कोणाची हरकत आहे?

महाराष्ट्राने २००५ साली स्वतःवर वित्तीय शिस्तीचा कायदा करून घेतला. आपण त्यातला एकच आकडा मिरवता: राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या आत. दुसरा आकडा महसुली तुटीचा. पगार, पेन्शन, व्याज, अनुदाने हा रोजचा खर्च रोजच्या उत्पन्नातून भागावा, कर्ज काढावे ते धरणे, रस्ते, इमारती यांसाठी, हा त्या शिस्तीचा गाभा. २०२५-२६साठी आपण ४५,८९१ कोटींची महसुली तूट स्वतःच सांगितली, आधीच्या वर्षाच्या सुधारित अंदाजाच्या पावणेदोनपट. म्हणजे शेहेचाळीस हजार कोटींचा चालू खर्च उसनवारीवर. मार्च २०२६अखेर राज्यावरचे कर्ज ९,३२,२४२ कोटी होईल, हेही आपलेच आकडे. तेरा कोटी माणसांत वाटले तर पाळण्यातल्या पोरासकट माणशी सत्तर हजारांच्या वर. हे फेडणारे लोक आज मतदानाच्या वयाचेही नाहीत. वित्तीय शिस्तीचे भाषण करताना यातला कोणता आकडा आपण वाचायचा आणि कोणता वगळायचा, हे कोण ठरवते?

उत्पन्नाची बाजूही अशीच. जूनमध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले आणि त्यातून १४,००० कोटी जादा मिळतील असे सांगितले. दारू महाग झाली याचे मला दुःख नाही. पण अर्थसंकल्प मांडून तीनच महिने झाले होते. एवढी गरज होती तर ती मार्चमध्ये का सांगितली नाही? आणि ते १४ हजार कोटी येत आहेत की नाहीत, हे सहा महिन्यांनंतर नागपुरात सांगण्याची वेळ आली होती.

येत्या मार्चमध्ये या खुर्चीवरून पुन्हा अर्थसंकल्प मांडला जाईल. त्या दिवशी मला नव्या घोषणा ऐकायच्या नाहीत. २०२५-२६मध्ये सभागृहाने मंजूर केलेल्या कोणत्या कामांचे पैसे रोखले, किती रोखले आणि कोणाच्या सहीने, याची यादी मागणीच्या क्रमांकासह पटलावर ठेवावी. पूर्ण झालेल्या कामांची थकलेली देणी विभागवार जाहीर करावीत. आणि यापुढे पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर दोन ओळी छापाव्यात: या मागण्यांनंतर वर्षाची तूट किती होईल, आणि ती वाढणार नसेल तर कोणत्या विभागाचा किती खर्च कमी केला जाईल. मग त्या कपातीवरही मतदान घ्यावे. ज्या आमदाराच्या तालुक्यातला रस्ता कापला जाणार आहे, त्याला तेव्हा हात वर करावा लागेल किंवा खाली ठेवावा लागेल, आणि आम्हाला तो दिसेल.

या पत्राची एक प्रत आमच्या आमदारांना देत आहे. नागपुरात पंचाहत्तर हजार कोटींना होकार देताना त्यांनी मुळशीतल्या कोणत्या कामावर पाणी सोडले, हे त्यांना माहीत होते का, एवढेच त्यांनी लेखी कळवावे. आपल्याकडून उत्तर मार्चच्या आत आले, तर ते ग्रामसभेत वाचून दाखवले जाईल. न आल्यास हेच पत्र वाचून दाखवू.

आपला,
माले येथील एक करदाता